ताटातून काढणं सोपं, परत वाढणं अवघड

मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, काय खाल्लं होतं? तितकाच मोलाचा दुसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: खाल्ल्यापासून किती वेळाने पुरळ आलं? दहा मिनिटांनी, तीन तासांनी, की दुसऱ्या दिवशी? अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानाची अर्धी दिशा या उत्तरावर ठरते. ते कुठल्याही तपासणीत सापडत नाही. ज्याने मुलाला भरवलं त्यालाच ते ठाऊक असतं, आणि त्याच्याही डोक्यातून ते दोन दिवसांत निसटतं. म्हणून त्याच वेळी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: पदार्थ आणि त्याचं साधारण माप, तो कच्चा होता की शिजलेला, खाल्ल्याची वेळ, आणि पहिलं लक्षण दिसल्याची वेळ. मुलाला त्या दिवशी ताप होता का, कुठलं औषध चालू होतं का, हेही लिहावं. पुरळाचा फोटो लगेच काढावा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते बहुधा विरलेलं असतं.

झटपट होणारी ॲलर्जी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. एखाद्या अन्नातल्या प्रथिनाविरुद्ध शरीराने आयजीई तयार केलेलं असतं आणि ते त्वचा, श्वासमार्ग, आतडं यांतल्या मास्ट पेशींना चिकटून बसलेलं असतं. तेच प्रथिन पुन्हा आलं की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. म्हणून लक्षणं काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतात. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलटी होते, खोकला लागतो किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. या गांधी एका जागी फार वेळ राहत नाहीत; काही तासांत इथल्या विरतात, तिथे नव्या उठतात. आठवडाभर कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाचेत ठाण मांडून बसलेला खरखरीत, खाजरा चट्टा ही वेगळी गोष्ट, तो बहुधा एक्झिमा असतो. आणि आदल्या दोन तासांत नवीन काहीच पोटात गेलेलं नसताना उठलेल्या, चार-पाच दिवस येत-जात राहणाऱ्या गांधींमागे मुलांमध्ये बरेचदा साधा विषाणूसंसर्ग असतो. त्यासाठी जेवणातलं काही बंद करण्याचं कारण नाही.

संथ प्रकारात आयजीईचा हात नसतो. अंगावर पिणारं, हसतं-खेळतं, वजन नीट वाढणारं दोन महिन्यांचं बाळ आणि शीमध्ये शेंबडासारख्या चिकट पदार्थाबरोबर रक्ताचे बारीक धागे, हे त्याचं एक ठरलेलं रूप. आईच्या आहारातून दुधात उतरलेल्या गाईच्या दुधाच्या प्रथिनाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. दिसायला भीतीदायक, पण बहुतेक बाळांमध्ये पहिल्या वाढदिवसापर्यंत हे मिटतं. दुसरं रूप जास्त घातक आणि कमी ओळखलं जाणारं आहे, डॉक्टर त्याला एफपीआयईएस म्हणतात. पदार्थ खाऊन एक ते चार तास काहीच होत नाही. मग उलट्या सुरू होतात आणि थांबत नाहीत. बाळ पांढरं पडतं, मलूल होतं, अंग टाकतं. गांधी नाहीत, सूज नाही, शिट्टी नाही. पहिल्यांदा हे पोटाच्या संसर्गावर किंवा विषबाधेवर ढकललं जातं, आणि तोच पदार्थ पुन्हा भरवल्यावर अगदी तेच घडतं तेव्हा कुठे संशय येतो. तांदूळ आणि ओटसारखे सौम्य समजले जाणारे पदार्थही यात येतात. इथे खाज कमी करणाऱ्या औषधाचा उपयोग नसतो. शरीरातलं पाणी भरून काढणं हा मुख्य उपचार, त्यासाठी कधीकधी सलाइन लावावं लागतं.

ॲलर्जी नसून ॲलर्जी वाटणाऱ्या गोष्टींची रांग याहून मोठी आहे. टोमॅटो, संत्रं, स्ट्रॉबेरी खाताना तोंडाभोवती जिथे रस लागला तेवढाच भाग लाल होतो आणि अर्ध्या तासात मावळतो, तो आंबटपणाने त्वचेला झालेला दाह असतो. भरवण्याआधी ओठांभोवती व्हॅसलिनचा पातळ थर लावला की तो बरेचदा होतच नाही. दुधातली साखर न पचणं, म्हणजे लॅक्टोज न सोसणं, हे दुधाच्या ॲलर्जीपेक्षा पूर्ण वेगळं आहे. त्यात पोट फुगतं, वायू होतो, आंबट पाण्यासारखी शी होते, पण जीव धोक्यात येत नाही. तान्ह्या बाळात ते जवळजवळ नेहमी जुलाबाच्या आजारानंतर तात्पुरतं उद्भवतं आणि काही आठवड्यांत जातं. घोटाळा असा की दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळासाठी लॅक्टोज काढलेलं दूध आणलं जातं. त्यात साखर नसते, पण त्रास देणारं प्रथिन पुरेपूर असतं.

गव्हाबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा. वजन वाढत नाही, पोट सतत फुगलेलं, शी बिघडलेली, म्हणून सिलिॲक आजाराची (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतडं बिघडतं तो) शंका आली तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. ग्लुटेन पोटात जात असेल तरच ती तपासणी विश्वासाची ठरते. आधीच बंद केलं तर निष्कर्ष खोटा निर्धास्त करणारा येऊ शकतो, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो.

एखादा पदार्थ बंद करणं हा उपचार आहे आणि प्रत्येक उपचारासारखे त्यालाही दुष्परिणाम असतात, हे पालकांना पुरेशा ठामपणे सांगितलं जात नाही. ‘काही दिवस बंद ठेवून बघू’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण दूध गेलं की कॅल्शियम, प्रथिनं, आयोडीन जातं. दूध, अंडं, गहू आणि सोया एकदम गेले की वाढ खुंटते. शिवाय एक कमी माहीत असलेला धोका आहे. एक्झिमा असलेलं मूल एखादा पदार्थ रोज खाऊन पचवत असतं, रक्तात त्याचं आयजीई मात्र असतं. एक्झिमा सुधारावा म्हणून तो पदार्थ महिनोन्‌महिने बंद केला, तर रोजच्या खाण्यामुळे टिकलेली सहनशीलता जाऊ शकते. मग कधीतरी पहिल्या घासालाच तीव्र प्रतिक्रिया येते. वाचवायला म्हणून काढलेल्या पदार्थानेच धोका उभा राहतो.

याच चुकीचा मोठा धडा वैद्यकशास्त्राने घेतला आहे. सन 2000 मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नये. फायदा दिसेना, तेव्हा 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी इस्राएलमधल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश मिळताजुळता, पण ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट. इस्राएलमधली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती, ब्रिटनमधली जवळजवळ नाहीच. मग लंडनमध्ये गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी लीप नावाचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये आला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं, वय चार ते अकरा महिने. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित दिला, अर्ध्यांना पूर्ण टाळायला लावला. पाच वर्षांच्या वयात टाळणाऱ्यांपैकी 17.2 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी 3.2 टक्क्यांना. त्याच मुलांना किशोरवयात पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता.

असं का होतं, याचं सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर त्वचेत आहे. अन्न आतड्यातून आलं तर रोगप्रतिकार यंत्रणा बहुधा ते आपलं मानायला शिकते. तेच अन्न धुळीतून, हातांतून, चिरा पडलेल्या एक्झिमाच्या त्वचेतून आलं तर ती त्याला परकं ठरवते. घरात इतरांनी खाल्लेल्या पदार्थांचे कण धुळीत असतातच. म्हणजे तोंडाने टाळलं तरी त्वचेने टळत नाही. त्यामुळे एक्झिमा लवकर आणि नीट आटोक्यात आणणं महत्त्वाचं ठरतं. मलम लावण्याआधी हात धुवावेत, डबीत बोट न घालता स्वच्छ चमच्याने मलम काढावं, आणि ज्यात शेंगदाणा, बदाम, ओट यांसारखे खाद्य घटक आहेत अशी तेलं-क्रीमं फुटलेल्या त्वचेवर लावू नयेत.

आता प्रत्यक्ष भरवणं. बाळ मान धरतं, आधाराने बसतं, चमचा जवळ आणला की तोंड उघडतं, म्हणजे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास (चार महिन्यांच्या आत नाही), वरचं खाणं सुरू झालं आणि दोन-चार साधे पदार्थ रुळले की ॲलर्जी देणारे पदार्थही आणावेत. तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच ठरली असेल, तर शेंगदाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. काही बाळांना पहिला घास दवाखान्यात दिला जातो. बाकीच्या बाळांना तो घरीच देता येतो. दिवस असा निवडावा की बाळाला सर्दी-ताप-जुलाब नाहीत आणि त्याच्याकडे पुढचे दोन तास लक्ष देणारं मोठं माणूस घरी आहे. सकाळ बरी, झोपायच्या आधीची वेळ नको.

दोन छोटे चमचे गुळगुळीत पीनट बटर दोन-तीन छोटे चमचे गरम पाण्यात कालवून पातळ करावं आणि थंड होऊ द्यावं. घट्ट पीनट बटर तसंच दिलं तर ते टाळूला आणि घशात चिकटतं. अख्खे किंवा तुकड्यांचे दाणे श्वासनलिकेत अडकतात, म्हणून पाच वर्षांपर्यंत ते देऊच नयेत. चमच्याच्या टोकावर येईल एवढंच आधी भरवावं. दहा मिनिटं थांबावं. त्या वेळात दुसरं काही देऊ नये, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. चेहरा, मान, पोट उघडून बघावं. काही नसेल तर उरलेलं नेहमीच्या वेगाने भरवावं आणि दोन तास लक्ष ठेवावं. हातावर किंवा गालावर पदार्थ चोळून चाचणी घ्यायची पद्धत मात्र सोडून द्यावी. नाजूक त्वचेला नुसत्या स्पर्शाने आलेल्या लालीवरून काहीच ठरत नाही, उलट ज्या वाटेने ॲलर्जी होते तीच वाट उघडी होते.

एकदा दिलं आणि काही झालं नाही, की बऱ्याच घरांत तो विषय संपतो. पण संरक्षण मिळतं ते सातत्याने. लीपमध्ये बाळांना आठवड्याला 6 ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन तीन किंवा अधिक वेळा विभागून दिलं होतं, आणि वरच्या दोन छोट्या चमच्यांत साधारण 2 ग्रॅम प्रथिन असतं. महिन्यातून एकदा जिभेला लावून चालत नाही.

अंड्याचं गणित शिजवण्यावर आहे. अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन उष्णतेने बदलतं आणि सौम्य होतं. ओव्होम्युकॉइड हे दुसरं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. सुरुवात पूर्ण कडक उकडलेल्या अंड्याने करावी, पांढरा आणि पिवळा दोन्ही कुस्करून, पहिल्यांदा पाव छोटा चमचा. नुसता पिवळा भाग देऊन ‘अंडं पचलं’ असं समजू नये, ॲलर्जी देणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यात असतात. जपानमधल्या 2017 च्या पेटिट अभ्यासात एक्झिमावर नीट उपचार चालू असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोड्या प्रमाणात रोज दिली, 50 मिलिग्रॅमपासून. एक वर्षाच्या वयात अंड्याची ॲलर्जी भुकटी घेणाऱ्यांत 8 टक्के आणि न घेणाऱ्यांत 38 टक्के बाळांत दिसली. कच्च्या अंड्याची भुकटी वापरून झालेल्या प्रयोगांत बाळांना प्रतिक्रिया जास्त आल्या होत्या. शिजवणं आणि थोडक्याने सुरुवात करणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

तपासण्यांकडून लोकांची अपेक्षा फार मोठी असते. त्वचेच्या चाचणीत हातावर किंवा पाठीवर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा ती 3 मिलिमीटरने मोठी असेल तर चाचणी होकारार्थी. आधी काही दिवस ॲलर्जीविरोधी औषध बंद ठेवावं लागतं, नाहीतर खरी गांधीही दबते. पण होकारार्थी निष्कर्षाचा अर्थ एवढाच की शरीरात त्या पदार्थाचं आयजीई आहे. असं आयजीई असलेली कितीतरी मुलं तो पदार्थ आरामात खातात. आकडा मोठा असेल तर ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते. प्रतिक्रिया किती तीव्र येईल हे त्यातून कळत नाही. म्हणून पन्नास-शंभर पदार्थांची सरसकट रक्ततपासणी करून यादीतलं सगळं बंद करणं यासारखा अन्याय नाही. ज्या पदार्थाबद्दल ठोस शंका आहे त्याचीच तपासणी करावी. केस, आयजीजी प्रतिपिंडं, स्नायूंची ताकद यांवरून अन्नाची ‘असहिष्णुता’ सांगणाऱ्या चाचण्यांना आधार नाही. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे, इतकंच.

संथ प्रकारात रक्ताची चाचणी उपयोगाचीच नाही. तिथे निदान होतं ते पदार्थ काढून आणि परत देऊन. दुधाची शंका असेल तर दोन ते चार आठवडे दुधाचं प्रथिन पूर्ण बंद, ‘कमी’ नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळाचं स्तनपान थांबवायचं नाही. आईने दूध, दही, लोणी, चीज आणि दुधाची भुकटी असलेले तयार पदार्थ बंद करायचे आणि स्वतःसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचं. कॅल्शियमची ही गोष्ट बरेचदा कोणी सांगत नाही, आणि रात्री चार वेळा उठणारी आई स्वतःच झिजत जाते. मुदत संपली की तिने पुन्हा दूध घ्यायचं. त्रास काही दिवसांत परतला तर निदान पक्कं. नाही परतला तर दूध निर्दोष. सुधारलेलं बाळ पुन्हा बिघडवायचं धैर्य होत नाही म्हणून हा टप्पा गाळला जातो. मग वर्षभर विनाकारण पथ्य चालू राहतं. झटपट प्रतिक्रिया किंवा एफपीआयईएस असेल तर मात्र घरी असा प्रयोग कधीही करायचा नाही.

बाटलीवरच्या बाळाला प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं खास फॉर्म्युला लागतं. तेही सोसलं नाही तर नुसत्या अमिनो आम्लांचं. डब्यावर ‘अंशतः’ तुकडे केलेलं असं लिहिलेलं उपचाराला पुरत नाही. बकरीचं दूध उपयोगाचं नाही, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी जुळतात की बहुतेक बाळांना त्याचाही त्रास होतो. खास फॉर्म्युला कडवट असतं, वास उग्र असतो. बाळ जितकं लहान तितकं ते सहज घेतं. त्यावर शी हिरवट होते, ते नेहमीचंच आहे. बदाम, ओट यांची पेयं एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नयेत; तांदळाचं पेय तर त्यातल्या आर्सेनिकमुळे लहान मुलांना नकोच, ब्रिटनमध्ये पाच वर्षांपर्यंत नको असं सांगतात.

ॲलर्जी खरीच ठरली की स्वयंपाकघराची शिस्त लागते. सगळं घर उलटंपालटं करायची गरज नसते. घात होतो तो जॅमच्या बाटलीत बुडवलेल्या सुरीने. ती सुरी आधी पीनट बटरला लागलेली असते, पुसलेली असते, स्वच्छ दिसते, आणि तिच्या पात्यावरचा पातळ थर बाटलीत उतरतो. पुढच्या आठवड्यात कोणीतरी निर्धास्तपणे त्याच बाटलीतला जॅम मुलाच्या पावाला लावतो. तळणाचं तेच तेल, तीच चाळणी, लाकडी कलथ्याच्या चिरा या तशाच जागा. मुलाचं खाणं आधी करावं, त्याचा चमचा-सुरी वेगळ्या रंगाची ठेवावी. हात साबणाने आणि पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. नुसत्या वासाला घाबरू नये, वासाच्या रेणूंत प्रथिन नसतं. उकळत्या दुधाची किंवा मासे शिजतानाची वाफ मात्र प्रथिनाचे कण हवेत नेऊ शकते, तिच्यापासून मूल दूर बरं.

वेष्टन तीनदा वाचावं: घेताना, घरी ठेवताना, वाढताना. घटक न सांगता बदलतात. केसिन, केसिनेट, व्हे म्हणजे दूध. अल्ब्युमिन म्हणजे बहुधा अंडं. ठळक लिहिण्याची सक्ती कुठल्या पदार्थांना आहे हे देशागणिक वेगळं आहे. युरोपीय संघात 14 आहेत, अमेरिकेत 9, आणि त्यांत तीळ 1 जानेवारी 2023 पासून आला. ‘अंश असू शकतो’ ही सूचना बहुतेक देशांत ऐच्छिक आहे, म्हणून ती नसणं म्हणजे धोका नसणं असं नव्हे.

आता ॲड्रेनलिन, म्हणजे जीवघेण्या प्रतिक्रियेवरचं इंजेक्शन. इथे घाई न करता सगळं समजून घ्यावं, म्हणजे वेळ आल्यावर घाई करता येते. ॲलर्जीच्या पदार्थानंतर श्वास, रक्ताभिसरण किंवा एकाहून जास्त अवयव एकदम बिघडले की ती ॲनाफिलॅक्सिस. आवाज घोगरा होणं, सतत खोकला, घरघर, जीभ सुजणं, चक्कर, अंग पांढरं पडणं. गांधी आणि त्याबरोबर उलट्यांवर उलट्या. बोलता न येणारं बाळ हे वेगळ्या भाषेत सांगतं: रडणं एकाएकी घोगरं होतं, लाळ गळते, कान ओढतं, कडेवर लोळागोळा होतं, अवेळी झोपेला येतं. पुरळ नाही म्हणून ॲनाफिलॅक्सिस नाही, असं कधीच समजू नये.

उपचार एकच आणि पहिला: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, स्नायूत. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचा 0.1 मिलिलिटर. थरथरत्या हातांनी अँप्युल (औषधाची काचेची कुपी) फोडून इतकं कमी औषध ओढणं फार कठीण, म्हणून ठरलेल्या मात्रेचा ऑटोइंजेक्टर (मांडीवर दाबला की आपोआप टोचणारं, आधीच भरलेलं इंजेक्शन) बरा. तो मिळत नसेल तर काय जवळ ठेवायचं आणि कसं वापरायचं हे डॉक्टरांकडून हातात धरून शिकून घ्यावं. मुलाचा पाय गुडघ्याच्या वर घट्ट धरावा. पाय झटकला तर सुई ओढली जाऊन मांडीला चीर पडते. कपड्यावरूनही टोचता येतं. टोपण काढावं, टोक मांडीवर दाबावं, वेष्टनावर लिहिलं असेल तितके सेकंद दाबूनच धरावं, मग काढावं. टोपणाच्या बाजूवर अंगठा ठेवायचा नाही. गडबडीत बाजू उलटी धरून स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेण्याचे प्रकार होतात. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा.

मग मुलाला आडवं ठेवावं, पाय उचलून. धाप लागली असेल तर पाय पसरून बसवावं. उलटी होत असेल तर कुशीवर. बाळाला खांद्यावर उभं धरून थोपटू नये. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड पम्फ्री यांना आढळलं की काही जण अचानक उठून बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर लगेच कोसळले होते. त्यांच्याच नोंदींत अन्नामुळे झालेल्या मृत्यूंमध्ये हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मधला काळ सुमारे 30 मिनिटांचा होता. एवढ्या वेळात आधी खाजेचं औषध देऊन ‘बघू’ म्हणायला जागा नाही. ते औषध गांधी कमी करतं, घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब थोपवत नाही. इंजेक्शननंतर मूल हसायला लागलं तरी रुग्णालयात न्यावंच, काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात. हा इंजेक्टर फ्रिजमध्ये नाही, तापलेल्या गाडीतही नाही, कुलपात तर नाहीच. मूल जिथे तिथे तो. द्रावण तपकिरी किंवा गढूळ दिसलं, मुदत संपली, की नवा घ्यावा; जुना संत्र्यात टोचून सराव करायला ठेवावा. आजी-आजोबा, पाळणाघरातल्या ताई, वर्गशिक्षिका यांनी हा सराव एकदा तरी केलेला असावा. ज्यांच्या मुलाला दमाही आहे त्यांनी दम्याची औषधं काटेकोर चालू ठेवावीत. आटोक्यात नसलेला दमा प्रतिक्रियेला जीवघेणी करतो.

दूध, अंडं, गहू, सोया यांची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची. मासे आणि कठीण कवचाच्या जलचरांची बहुधा टिकते. दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या सुमारे 70 टक्के मुलांना पिठात मिसळून 180 अंशांना अर्धा तास भाजलेलं दूध-अंडं चालतं. तिथून पायरीपायरीने कमी भाजलेल्याकडे नेता येतं. पहिली पायरी घरी चढायची की दवाखान्यात, हे डॉक्टर ठरवतात. जगात काही ठिकाणी शेंगदाण्याची मात्रा थोडीथोडी वाढवत नेणारे उपचार आणि अन्नाच्या ॲलर्जीसाठी 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओमॅलिझुमॅब हे आयजीईला अडवणारं इंजेक्शन, हेही पर्याय आहेत. त्यांनी चुकून पोटात गेलेल्या थोड्या प्रमाणापासून बचाव होतो, पथ्य संपत नाही.

पथ्य संपलं का, हे ठरवायला दर सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा विचारणा व्हायला हवी, आणि शेवटचा निर्णय दवाखान्यातल्या भरवण्याच्या चाचणीतच होतो. पहिली मात्रा दिसेल न दिसेल इतकी, मग दर वीस-तीस मिनिटांनी वाढवत एका वेळच्या पूर्ण खाण्याइतक्या प्रमाणापर्यंत. शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवलेलं असतं. मूल अनेकदा पदार्थापेक्षा खोलीतल्या मोठ्यांच्या चेहऱ्यांना घाबरतं. वर्षानुवर्षं जो घास विष म्हणून ओळखला तो गिळायला तेच लोक सांगत असतात. घशात काहीतरी होतंय असं ते म्हणतं, आणि ते खोटं बोलत नसतं. अशा वेळी थांबावं, त्वचा बघावी, श्वास ऐकावा, नाडी मोजावी, आणि दिसतंय ते त्याला खरं खरं सांगावं. चाचणी पार पडल्यावरही बरीच मुलं घरी येऊन तो पदार्थ खात नाहीत, आणि सुटलो या समाधानात मोठेही आग्रह धरत नाहीत. पण गेलेली शेंगदाण्याची ॲलर्जी थोड्या मुलांत परत येते, आणि ती जास्त करून तो क्वचित खाणाऱ्यांत. म्हणून डॉक्टरांकडून निघताना मुलाने आठवड्यातून किती वेळा, किती चमचे आणि कशातून खायचं हे लिहून घ्यावं. इंजेक्टर कधीपर्यंत जवळ ठेवायचा, हेही त्याच कागदावर.